असंख्य मित्र

मंडळाच्या शिवकुमारचा फोन आला तेव्हा मी खिडकीत उभा राहून समोरच्या नव्या इमारतीचे मजले मोजत होतो. चौदा झाले होते. वर सळया उभ्या होत्या, म्हणजे पंधरावा व्हायचा होता. मोजायला काही कारण नव्हतं. माझी बायको कस्तुराबाई जाऊन त्या दिवशी चौदा दिवस झाले होते. आदल्या दिवशीचं गोडजेवण आटोपलं होतं, आणि मुलगी क्षमा आत भांडी पुसून पालथी घालत होती. "अण्णा," शिवकुमार म्हणाला, "पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. अक्कांचं निवेदन स्वल्प लवकर द्याल का? फॉर्म तुमच्याकडं आहेच. तुमचाच आहे." शेवटचं वाक्य बोलून गेल्यावर त्याला बहुतेक वाईट वाटलं असावं, कारण तो उगीचच खोकला आणि म्हणाला, "सरी, बरं अण्णा, घाई नाही. गुरुवारपर्यंत." मी बरं म्हणालो. फोन ठेवला आणि पुन्हा मजले मोजले. या वेळी तेरा आले.

फॉर्म माझा होता हे खरं. आमच्या मंडळाचं चार पानी पत्रक महिन्यातून एकदा निघतं. बेंगळुरूतली दोनेकशे मराठी घरं ते घेतात, त्यातली किती वाचतात हे मला कधी कळलं नाही. शेवटच्या पानावर 'दुःखद निधन' असतं, आणि ते पान तीस वर्षं माझ्याकडे आहे. मी एका विज्ञान संस्थेच्या ग्रंथालयात सहायक होतो, मराठी वाचतो, शुद्ध लिहितो, आणि मुख्य म्हणजे कुणाला नाही म्हणत नाही, म्हणून ते माझ्याकडे आलं. लोक मजकूर आणून देत. त्यात असंख्य चाहते असत, अपरिमित हानी असे, अगणित आठवणी असत. मी ते सगळं काढून टाकत असे. फलाण्या तारखेला, इतक्या वर्षांचे असताना, निधन झाले. त्यांच्या मागे पत्नी, दोन मुलगे, तीन नातवंडे आहेत. मला वाटे, मेलेल्या माणसाविषयी निदान एवढं तरी खरं असावं. पुढे पुढे मी रिकाम्या जागा सोडलेला एक कागदच तयार केला, म्हणजे लोकांना मोह होऊ नये. मंडळाच्या एका सभेत कोणीतरी मागच्या रांगेतून म्हणालं होतं, "पुरुषोत्तम अण्णांच्या पत्रकात मेलं की माणसाचं वजन कमी होतं." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन कस्तुराला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. ती म्हणाली, "मग माझं द्यायच्या आधी वजन करून ठेवा."

मोजण्याची ही खोड मला वडिलांकडून लागली असावी. आमचं घराणं इथं साडेतीनशे वर्षं आहे असं ते सांगत. शाळा कन्नड, बाजार कन्नड, म्हणून मराठी सकाळी घरी शिकायचं. रोज दूध पिण्याआधी मला म्हणावं लागे: एकं, दहं, शतं, सहस्र, आणि तसंच चढत चढत पद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्धाला पोचलं की मला जिना संपून गच्चीवर आल्यासारखं वाटे. एकदा मी विचारलं की परार्धाच्या पुढं काय. वडील दाढी करत होते. आरशातच माझ्याकडे बघून म्हणाले, "पुढं असंख्य. तिथं आपलं काम नाही." मला ते फार पटलं होतं. तिथं आपलं काम नाही. ग्रंथालयात दरवर्षी पुस्तकांची मोजदाद होई; एकानं नोंदवहीतला क्रमांक वाचायचा, दुसऱ्यानं कपाटातल्या पुस्तकावर बोट ठेवून 'आहे' म्हणायचं. दोन महिने चालणारं ते काम सगळ्यांना नकोसं वाटे, मला मात्र आवडे. 'आहे' म्हणताना मला त्या पुस्तकाविषयी एक प्रकारची माया वाटायची. वर्षभर कोणी हात न लावलेल्या पुस्तकालाही त्या दिवशी एक माणूस 'आहे' म्हणत होता. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे की नाही याचीच मला खात्री नव्हती.

कस्तुराच्या दहनालाही मी मोजत होतो. थांबता येईना. विद्युतदाहिनीच्या बाहेर, बदामाच्या झाडाखाली, अठरा जण होते. मग फाटकापाशी एकोणिसावी दिसली. पायातल्या चपला काढून हातात धरलेली, उंच, पाठीत थोडी वाकलेली बाई. महानंदा. अकरा वर्षांत ती आमच्या घरी आली नव्हती. तिच्या मुलखातल्या बायका स्मशानात जात नाहीत, आणि ती तिथं उभी होती. ती पुढं आली नाही, माझ्याशी बोलली नाही. दाहिनीचं दार खाली आलं तेव्हा मी पुन्हा तिकडे पाहिलं तर ती निघून गेली होती. क्षमाला मी नंतर विचारलं की तिला कुणी कळवलं. "मीच," ती म्हणाली. "आईच्या फोनमध्ये नंबर होता. महानंदा आनेकल म्हणून. मी सगळ्यांनाच लावले फोन." तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तेव्हा मला कशातच काही वाटत नव्हतं.

फॉर्म भरायला फार वेळ लागला नाही. कस्तुराबाई, वय एकाहत्तर. त्यांच्या मागे पती व एक मुलगी आहे. लिहून झाल्यावर तो कागद मी टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसलो. बरोबर होता. त्यात एकही चूक नव्हती. आणि मला एकदम, अगदी शारीरिक अशी, त्यात एक शब्द घालायची इच्छा झाली. शब्द कुठला ते मला माहीत होतं. तो मी तीस वर्षं लोकांच्या कागदांवरून खोडला होता, आणि त्यातही एका खोडण्याविषयी मी जवळजवळ रोज विचार करत आलो होतो.

महानंदा निपाणीकडची. नवरा लवकर गेला, मुलगा संग्राम होसकोट्याच्या एका कारखान्यात लेथवर कामाला लागला, म्हणून ती इकडे आली आणि आमच्या गल्लीत दोन खोल्यांत राहिली. साड्यांना फॉल-पिको करायची. कस्तुराला अक्का म्हणायची, मला भावजी. संग्राम बावीस वर्षांचा असताना मोटारसायकलवरून घरी येताना लॉरीखाली सापडला. तिचा भाऊ आनेकलहून आला, त्यानंच अग्नी दिला; बायका घरी राहिल्या. मी गेलो होतो. मला तिथं काही काम नव्हतं, कुणाशी बोलता येत नव्हतं, मग मी एका बाजूला उभा राहून संग्रामचे मित्र मोजले. कामाच्या कपड्यांतच आलेली पोरं होती. कुणाच्या हाताला ऑइल होतं. कुणी दोन वेळा मोजलं जाऊ नये म्हणून मी नीट, भिंतीच्या टोकापासून सुरुवात केली. अकरा होते. आई घरात बसली आहे, तिला यातलं काही दिसत नाही, तर निदान कुणीतरी हे बघून ठेवावं, असं मला वाटलं होतं. म्हणजे मला तसं वाटलं होतं असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. त्या वेळी खरोखर काय वाटलं होतं ते आता कळायला मार्ग नाही.

पंधरा दिवसांनी तिनं वहीचा एक कागद आणून दिला. अक्षर उतरत गेलेलं. शेवटी लिहिलं होतं, त्याच्या मागे त्याची आई आणि असंख्य मित्र आहेत. मी 'असंख्य' खोडलं. हात अडखळला नाही. पत्रक निघालं त्या दिवशी ती ते घेऊन दारात आली. "भावजी, माजा एक शब्द कमी आलाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. दुकानात सुटे कमी आले तर सांगावं तसं सांगितलं. मी म्हणालो, "महानंदा, असंख्य म्हणता येत नाही. अकरा होते. मी मोजले होते." तेवढ्यात कस्तुरा कॉफीचा लोटा घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. महानंदा माझ्याकडे बघत होती. "मोजलासा?" ती म्हणाली. मग पत्रकाची घडी घालत, "बरं केलासा. कुणीतरी मोजाय पायजेच हुतं." आणि कॉफी न घेता गेली. महिन्याभरात खोल्या सोडून भावाकडे आनेकलला गेली. कस्तुरानं ती कॉफी उभ्यानंच स्वतः प्यायली. ती एवढंच म्हणाली, "तिला एक शब्द जास्त हवा होता." त्यानंतर अकरा वर्षं आमच्या घरात महानंदाचं नाव निघालं नाही. मला वाटायचं, कस्तुरा विसरली.

तो कागद खिशात घालून मी आनेकलच्या बसमध्ये का बसलो, हे क्षमाला नीट सांगता आलं नाही. "महानंदाला दाखवून येतो," म्हणालो. "बाबा, तुम्हांला पत्ता तरी माहीत आहे का?" तिनं विचारलं, आणि मग स्वतःच फोन करून घेऊन दिला. बस होसूर रोडला लागली. मेट्रोचे खांब एकामागून एक जात होते आणि मी ते मोजत नव्हतो. मी कस्तुरानं केलेली कॉफी मोजत होतो. सत्तेचाळीस वर्षं, रोज दोनदा, चौतीस हजार तीनशे दहा. त्यातून तिच्या माहेरपणाचे, आजारपणाचे दिवस वजा. तेहतीस हजार धरू. म्हणजे असंख्य नव्हे. पाच आकडी संख्या, दशसहस्राच्या पायरीवरची, जिन्याच्या अगदी खालची. एखाद्या माणसानं आयुष्यभर केलेली कुठलीही गोष्ट घेतली तरी ती लक्षाच्या, फार तर दशलक्षाच्या पुढे जात नाही. श्वाससुद्धा कोटींत सांगता येतात. मी तिच्या एकेक गोष्टीला असा हिशेब लावत गेलो, दाराची कडी, देवापुढची रांगोळी, माझ्या चष्म्याची काच पदरानं पुसणं, आणि प्रत्येक गोष्ट मोजून झाली की बाजूला पडत होती, लहान होत होती. तिचं न बोलणं तेवढं मोजता येईना. ती कॉफी उभ्यानं प्यायली तेव्हा ती जे बोलली नाही, ते कुठं संपलं? त्याच दिवशी, की ती गेली त्या पहाटे? एक न बोलणं आणि दुसरं न बोलणं यांच्यामध्ये काही फट होती का, जिथं बोट ठेवून 'आहे' म्हणता आलं असतं? चंदापूरला कंडक्टर काहीतरी ओरडला आणि माझ्या शेजारची पोरगी उठून गेली. माझे डोळे भरून आले होते. खिडकीचा वारा फार होता, असं मी कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आनेकलच्या बाहेर जिथं प्लॉट पाडले आहेत त्याच्या अलीकडे तिच्या भावाचं घर होतं. पलीकडे नाचणीचं एक शेत अजून उरलं होतं, चारी बाजूंनी प्लॉटच्या दगडांनी वेढलेलं. महानंदा पडवीत शिवणयंत्रापाशी बसली होती. मला बघून ती उठली नाही, फक्त यंत्राचं चाक हातानं थांबवलं. "बसा की," म्हणाली. "उभ्यानं काय बोलायचं." मी स्टुलावर बसलो. तिनं पाणी दिलं. मी खिशातून कागद काढून तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरून वाचला, कारण चष्मा यंत्राच्या खणात होता.

"हे असंच छापणार?"

"त्यासाठीच आलो."

"मला कशाला इचारतासा? अक्का तुमची."

"तू आली होतीस," मी म्हणालो. "फाटकापाशी. मी पाहिलं."

"व्हय. संग्रामच्या टायमाला बायकास्नी न्हाई न्हेलं. ह्या टायमाला म्हटलं, आपणच जाऊन बगायचं. कोण कोण येतंय ते." ती कागदाची घडी घालत होती आणि उलगडत होती. "आणि अक्का दर म्हैन्याला यायची, मी एकडाव जायला नको?"

मला समजलं नाही. मी तसं म्हणालो. "तुमाला ठावं न्हाई?" ती म्हणाली. "दुसऱ्या गुरवारी. डबा घिऊन यायची. हितं बसून माज्याबरोबर फॉल लावायची. चारच्या गाडीनं परत."

दुसऱ्या गुरुवारी कस्तुरा जयनगरला भजनाला जात असे. भजन कसं झालं असं मी विचारत असे, आणि ती चांगलं झालं म्हणत असे. "किती वर्षं?" मी विचारलं. "तवापासनं," महानंदा म्हणाली. अकरा वर्षं, वर्षाचे बारा, एकशे बत्तीस. कोविडच्या वेळचं दीड वर्ष तिला येता आलं नसणार, म्हणजे अठरा वजा. "एकशे चौदा वेळा," मी म्हणालो.

मी ते मोठ्यानं म्हणालो होतो. म्हणून झाल्यावरच मला ते ऐकू आलं. महानंदाचा हात तोंडाकडे गेला, आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, बराच वेळ. "भावजी," ती म्हणाली, "तुमी काय सुदारत न्हाई बगा." अकरा वर्षांनी तिनं मला भावजी म्हटलं आणि मग ती हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही. मी खाली बघत बसलो. पडवीत दोऱ्यांचे तुकडे पडले होते, हिरवे, जांभळे. त्यांतले काही कस्तुराच्या हातून पडलेले असतील, असा एक वेडगळ विचार मनात आला; ती शेवटची आली त्याला महिना होऊन गेला होता.

"एक इचारू?" महानंदा डोळे पुसून म्हणाली. आवाज बदलला होता. "अकरा वर्सं इचारीन म्हणत्ये. अक्का म्हणायची, नको इचारू, ते मनाला लावून घेत्यात."

"विचार."

"तुमी अकरा म्हणालासा. नऊ मला ठावं हाईत. तिसऱ्याला, दहाव्याला, एकदोघं करून घरी आलीती पोरं. नावं हाईत माज्याजवळ. नऊच आली. बाकीचं दोन कोण हुते?"

इतकी वर्षं मी समजत होतो की मी तिच्याकडून एक शब्द काढून घेतला आणि त्याच्या जागी एक कोरडा आकडा ठेवला. तिनं तो आकडा घरी नेला होता. त्याला धरून ती दोन पोरं शोधत होती, आणि माझी बायको दर महिन्याला बस बदलून येऊन तिच्याबरोबर शोधत होती. आणि ज्यानं ती दोन पोरं पाहिली होती तो माणूस जयनगरचं भजन कसं झालं असं विचारत होता.

"अक्का आणि मी बसून लई डोस्कं चालिवलं," ती म्हणत होती. "खोलीवर एक बिहारी पोरगा हुता, तो आसंल. एक शाळंतला, तो चेन्नईला गेल्ता. खरं, तुमी बगितलासा न्हवं. तुमाला ठावं आसनार."

मी डोळे मिटले. कंपाउंडची भिंत, त्याच्यावरचं कन्नड पोस्टर, कामाच्या कपड्यांतली पोरं. भिंतीच्या टोकापासून सुरुवात केली होती. टोकाला एक मुलगा होता. हेल्मेट डोक्यातून काढून पोटाशी धरलं होतं, दोन्ही हातांनी, जसं मडकं धरावं. तो रडत नव्हता. खालचा ओठ चावत होता आणि सारखा आत बघत होता. हे मी तिला सांगितलं. "ठेंगणा? सावळा?" तिनं विचारलं. ठेंगणा होता. सावळा होता की नाही ते आठवत नव्हतं. "हेल्मेट कसलं?" "लाल," मी म्हणालो, आणि लगेच शंका आली. "लाल असावं. खात्री नाही." ती ओठांनी काहीतरी पुटपुटत होती, बहुधा नऊ नावं, एकेकाला ते हेल्मेट देऊन बघत होती. "न्हाई," ती शेवटी म्हणाली. "ह्या नवातला न्हवं. दहावा हाय." तिचा चेहरा क्षणभर असा झाला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "आणि अकरावा?"

अकरावा मला आठवत नव्हता. मी भिंतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन पाहिलं. तिथं अंधूक कुणीतरी होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या मयताला आलेलं असू शकेल. त्या दिवशी आमच्यामागं आणखी एक रांगेत होतं. मी चुकलो असेन. दहाच असतील. एखादं नाव, एखादा शर्ट बनवून सांगता आला असता. ती तेवढ्यावर आणखी अकरा वर्षं काढू शकली असती. "आठवत नाही, महानंदा," मी म्हणालो. "माझी मोजण्यात चूक झाली असेल."

ती यंत्राच्या चाकावर हात ठेवून बसली होती. शेतावरून वारा आला की नाचणीची कणसं एका बाजूला झुकत होती. "न्हाई," ती म्हणाली. "चूक नको. अकराच असू देत." मग माझा कागद तिनं परत दिला. "अक्काच्या टायमाला किती हुते?"

"एकोणीस."

"मला धरून?"

"तुला धरून."

तिनं मान हलवली. निघताना ती आतून स्टीलचा एक डबा घेऊन आली. कस्तुराचा होता, झाकणावर तिचं नाव कोरलेलं होतं. मागच्या खेपेचा राहिला होता, म्हणाली. रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात नाचणी भरली होती, समोरच्या शेतातली. "पुढच्या वर्साला ह्ये शेत नसंल," ती म्हणाली. "भाकरी करा दोगं बापलेकी."

घरी आलो तेव्हा चार वाजून गेले होते. क्षमानं डबा हातात घेतला, झाकण उघडून पाहिलं, आणि काही न विचारता ओट्यावर ठेवला. मी दाराच्या मागं खुंटीला टांगलेली कस्तुराची कापडी पिशवी काढली, जी ती भजनाला नेत असे. आत बसचा पास होता, चष्म्याचं रिकामं घर, दोऱ्याचं एक रीळ, आणि चार घड्या घातलेलं आमचं पत्रक, अकरा वर्षांपूर्वीचं. घड्यांवर कागद फाटायला आला होता. शेवटच्या पानावर माझं वाक्य होतं: त्याच्या मागे आई व मित्र आहेत. त्या खालच्या कोऱ्या जागेत कस्तुराच्या अक्षरात नावं लिहिलेली होती. तिनं आयुष्यात कधी धोब्याचे कपडेसुद्धा मोजले नव्हते, पण इथं तिनं डाव्या बाजूला एकाखाली एक आकडे घातले होते. नवव्यापर्यंत नावं होती. पुढं दहा लिहिलं होतं, अकरा लिहिलं होतं, आणि त्यांच्यासमोर काही नव्हतं. दोन ठिकाणी पेन्सिलीनं काहीतरी लिहून पुसलेलं दिसत होतं.

मी टेबलाशी बसलो. दहाच्या पुढं लिहिलं: ठेंगणा, हेल्मेट हातात. अकराच्या पुढं पेन बराच वेळ धरून ठेवलं आणि मग उचललं. कस्तुराच्या निवेदनात 'पती व एक मुलगी' याच्या पुढं मी महानंदाचं नाव घातलं. त्याखाली, दुसऱ्या कोऱ्या कागदावर, तीस वर्षांत पत्रकासाठी कधी लिहावं लागलं नव्हतं ते लिहिलं. लिहायला चार ओळीच होत्या, पण तीनदा लिहिलं. मग शिवकुमारला फोन लावून दोन्ही वाचून दाखवले. दुसरा असा होता: शुद्धिपत्र. अकरा वर्षांपूर्वीच्या अंकात चिरंजीव संग्राम याच्या निधनवार्तेत 'आई व मित्र आहेत' असे छापले गेले. ते 'आई आणि असंख्य मित्र आहेत' असे वाचावे. चूक संपादकाची आहे.

"अण्णा," शिवकुमार म्हणाला, अगदी हळू, आजाऱ्याशी बोलतात तसं. "छापू या. पण तो जुना अंक आता कुणाकडं असणार? वाचून दुरुस्त कोण करणार?"

समोरच्या इमारतीवर दिवसपाळीचे कामगार खाली उतरत होते. सगळे एकदम, एकमेकांत मिसळून, पिवळ्या टोप्या घालून.

"दोघींकडं होता," मी म्हणालो. "एकीची प्रत मी आत्ताच दुरुस्त करतो."